बाबांचे ९ कोई मासे पुण्याहून भोरला हलवायचेत, अनुभवी लोकांनी मदत करा प्लीज

आभा_कोथरूड | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण नीट वाचून उत्तर द्या ही विनंती. आमची बंगल्यांची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीय, जानेवारीअखेर घर रिकामं करायचंय. सामानाचं कसंही होईल, पण मागच्या अंगणात बाबांचा हौद आहे, साधारण २८०० लिटरचा, आणि त्यात ९ कोई, म्हणजे शोभेचे रंगीत मासे आहेत. चार मोठे, १८ ते २२ इंच, बाकीचे फूट-सव्वा फुटाचे. सगळ्यात जुना आमच्याकडे १३ वर्षं आहे. बाबा ७४ वर्षांचे आहेत, आई गेल्यापासून त्यांची सकाळ त्या हौदाच्या कट्ट्यावरच जाते. सगळ्यांना नावं आहेत. तपकिरी चागोई म्हणजे गूळ, पांढराशुभ्र तो कापूर, लाल-पांढरा कोहाकू ती कुंकू, पिवळा ओगोन हळद, आणि काळा-लाल शोवा बुक्का. बाकी चौघांचीही आहेत.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये हौद शक्य नाही. माझा मामेभाऊ भोरजवळ शेतावर राहतो, तो म्हणाला इथे आणा, मी तळं बांधतो, आणि खरंच खोदायला सुरुवातपण केली त्याने. १२ बाय ८ फूट आणि साडेचार फूट खोल, सिमेंटचं.

आता हे मासे तिथवर न्यायचे कसे? भावाकडे टेम्पो आहे. २०० लिटरचे निळे ड्रम आणि बॅटरीचे एअरपंप असा विचार होता. पण ७-८ वर्षांपूर्वी एका दुकानातून दोन मासे आणले होते, पिशवीत हवा अशी भरलीच नव्हती, घरी येईपर्यंत एक गेला होता. बाबा अजून ते विसरले नाहीयेत. त्यामुळे मला ह्यात चूक करायची नाहीये.

---

भटकंती | ३ नोव्हेंबर, रात्री ११:१५

ताई, एवढा त्रास घेण्यापेक्षा भाटघर धरणात किंवा एखाद्या देवळाच्या तळ्यात सोडून द्या की. मोकळं पाणी मिळेल त्यांना, पुण्यपण लागेल.

---

पाणवठा | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

नाही नाही, हे अजिबात करू नका आणि दुसऱ्या कोणाला सांगूही नका. कोई म्हणजे शेवटी कार्पच, आपले मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणतात त्याचाच रंगीत भाऊ. तळ उकरून खायची सवय असते त्याला, सगळा गाळ वर येतो, पाणवनस्पती मुळापासून उपटल्या जातात आणि आपल्या देशी माशांची अंडी घालायची जागा जाते. भारतात कॉमन कार्प १९३९ साली निलगिरीत आणला, दुसरी जात १९५७ मध्ये बँकॉकहून आली, त्यानंतर तो कुठे कुठे पसरला ते बघा. मणिपूरच्या लोकटाक सरोवरात तिथल्या स्थानिक माशाची काय अवस्था झाली तेही वाचा. आणि माशाच्या बाजूनेपण विचार करा, १३ वर्षं हातातून दाणे खाल्लेला पांढराशुभ्र मासा धरणात दोन दिवस टिकणार नाही. माणूस दिसला की तो काठाला येणार. मग बगळा आहे, जाळं आहे.

आभाताई, तुमचा मार्ग बरोबर आहे. माझ्याकडे नाशिकला १६ वर्षांपासून कोई आहेत, दोनदा घर बदललंय. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

---

भटकंती | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

हे माहीत नव्हतं. मागे घेतो.

---

सांगोल्याचा_गडी | ४ नोव्हेंबर, दुपारी १:२०

आमच्याकडं शेततळं हाय, प्लास्टिक कागदाचं, ३० बाय ३० मीटरचं, त्यात सोडू शकता म्हणलं असतं पण खरं सांगतो, नका सोडू. एप्रिल-मेमध्ये डाळिंबाला ड्रिपनं पाणी जातं तेव्हा तळाला कमरेइतकंच पाणी राहतं आणि ते गरम होतं. खतं-औषधाचं पाणी कुठून आत येईल सांगता येत नाही. आणि त्या कागदावरनं माणूस खाली उतरला तर त्यालाच वर येता येत नाही, मासा आजारी पडला तर धरायचा कसा? रोहू-कटला टाकतो आम्ही, ते खायचे मासे. पाळलेल्याला तळं वेगळंच पायजे. भाऊ सिमेंटचं बांधतोय ते लई चांगलं.

---

पाणवठा | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

हं, आता निवांत लिहितो.

ड्रम की पिशवी? भोर म्हणजे ५०-५५ किलोमीटर, ट्रॅफिक धरून दोन तास. ड्रममध्येही जाऊ शकतात, पण मग ड्रम काठोकाठ भरून झाकण लावायचं. अर्धा ठेवलात तर पाणी हिंदकळतं आणि मासा भिंतीवर आपटतो. २०० लिटरचा ड्रम म्हणजे २०० किलो, टेम्पोत चढवायचा कसा ह्याचाही विचार करा. आणि मोठे मासे त्या गोल ड्रममध्ये सरळ राहू शकत नाहीत. मी असतो तर पिशवीच केली असती, ऑक्सिजन सिलिंडरने भरलेली. मत्स्यबीजवाले लाखो पिल्लं अशीच गावोगावी पाठवतात. एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश ऑक्सिजन. साध्या पंपाने हवा भरून चालत नाही, हवेत ऑक्सिजन असतो जेमतेम २१ टक्के. तुमच्या त्या वेळच्या माशाचं बहुतेक हेच झालं असेल.

पिशवी डबल हवीच. कोईच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा हाताने चाचपून बघा, करवतीसारखा असतो, धडपडला की प्लास्टिक फाटतं. दोन पिशव्यांच्या मध्ये वर्तमानपत्र घाला. मासा पिशवीत आडवा सरळ मावला पाहिजे, वाकडा नको. पिशवीचे खालचे दोन्ही कोपरे बाहेरून पिळून रबरबँडने बांधा, नाहीतर मासा तोंड कोपऱ्यात घुसवतो आणि तिथे कल्ल्यांना पाणीच मिळत नाही, विशेषतः छोटे मासे. मोठ्यांना प्रत्येकी एक पिशवी. पिशव्या आडव्या ठेवायच्या, खोक्यात किंवा थर्माकोलच्या पेटीत, आणि गाडीच्या दिशेला आडव्या, म्हणजे ब्रेक लागला तर नाक आपटत नाही, कुशीवर जरा धक्का बसतो इतकंच. झाकून अंधार करा. अंधारात मासा शांत राहतो.

निघायच्या आधी तीन दिवस खाणं पूर्ण बंद. बाबांना जड जाईल पण हे टाळू नका. पोटात असलेलं सगळं पिशवीतच बाहेर पडतं.

---

प्राजक्ता७८ | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१०

वाचनखूण साठवली. माझ्याकडे फक्त गप्पी आहेत पण वाचायला आवडतंय.

---

शिरगावकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:२५

पाणवठा यांनी पॅकिंगचं सगळं बरोबर सांगितलंय, अनुमोदन. मी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, नंतर काही वर्षं हॅचरीत काम केलं. अनुभवाने सांगतो, वाटेत मासे फार कमी मरतात. मरतात ते पोचल्यावर, पहिल्या तीन आठवड्यांत. कारण सगळ्यांचं लक्ष प्रवासावर असतं आणि तळं तयारच नसतं. मासा शेवटी हलवायचा, आधी पाणी हलवायचं.

नवीन सिमेंट चुना सोडतं. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ९.५-१० च्या वर जातो. आणि माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया विषारी किती हे पीएचवर ठरतं. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला सुमारे ५ टक्के, आणि ९ ला ३५ टक्क्यांच्या वर. तेवढीच घाण, तेवढेच मासे, पण विष साठ-सत्तरपट. म्हणून तळं झालं की भरा, आठवडाभर ठेवा, पूर्ण उपसा, घासा, परत भरा. असं तीन-चार वेळा तरी. आपल्याकडे केळीचे खुंट कापून टाकतात तेही करा, फक्त नंतर ते कुजलेलं सगळं काढून टाका. आणि जुने लोक करतात म्हणून झालं असं नको, प्रत्येक वेळी पीएच मोजा. थेंबांचं टेस्ट किट घ्या, पट्ट्यांच्या रंगावर भरवसा ठेवू नका.

दुसरी गोष्ट, जीवाणू. माशाच्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर, जाळीवर राहतात, पाण्यात नाही. नवीन तळ्यात त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे, थंडीत जास्तच. तुमच्याकडे १३ वर्षांचा जिवंत फिल्टर आहे, तो सोन्यासारखा जपा. नव्या तळ्याच्या फिल्टरसाठी जी मॅटिंग, स्पंज, बायोबॉल आणाल ते आजपासूनच जुन्या हौदाच्या फिल्टरमध्ये कोंबून ठेवा. जानेवारीपर्यंत तेही वसलेलं असेल. जाताना सगळं ओलं, हौदाच्याच पाण्यात, हवा चालू ठेवून न्या. नळाखाली धुवायचं नाही, क्लोरीनने सगळे मरतील.

भोरला पाणी कुठलं आहे? विहीर का बोअर?

---

आभा_कोथरूड | ५ नोव्हेंबर, रात्री ९:००

विहिरीचं. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांनी वहीत लिहून घेतला. सोन्यासारखा जपा वर ते खूष झाले, कारण मी मागच्या महिन्यात तो घाण फिल्टर धुऊन टाकते म्हणाले होते आणि त्यांनी मला हातच लावू दिला नव्हता.

---

शिरगावकर | ५ नोव्हेंबर, रात्री ११:३०

बाबा बरोबर होते.

विहिरीचं पाणी म्हणजे क्लोरीनचा प्रश्न नाही, पण सह्याद्रीच्या काळ्या खडकातलं पाणी जड असणार, आणि पुण्याचं नळाचं पाणी धरणातलं, मऊ. दोन्हीचा पीएच आणि कडकपणा मोजून इथे टाका. फरक मोठा असेल तर एक सोपा उपाय आहे. भाऊ पुण्याला येतो तेव्हा विहिरीचं पाणी कॅनमध्ये घेऊन यायला सांगा, आणि आठवड्याच्या पाणीबदलाला नळाऐवजी तेच घाला. दोन महिन्यांत मासे घरबसल्या भोरच्या पाण्यात राहायला लागतील. विहिरीचं पाणी काढल्या काढल्या ओतू नका, त्यात ऑक्सिजन कमी असतो, रात्रभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा.

---

न्यूजर्सीतला_नाना | ६ नोव्हेंबर, पहाटे ४:१०

आमच्या मागच्या यार्डात कोई पाँड आहे, हिवाळ्यात वर बर्फ असतो आणि मासे तळाशी न खाता पडून असतात, एप्रिलपर्यंत. तुम्हाला तो त्रास नाही. मी एकच सांगायला आलो. नवीन तळं मोठं दिसतं, रिकामं वाटतं, मग कोणीतरी म्हणतं आणखी चार मासे आणूया. भावाला हे आत्ताच सांगून ठेवा.

मी हे केलं. एका मे महिन्यात दोन सुंदर मासे आणले, वेगळे न ठेवता सरळ तळ्यात सोडले. बाराव्या दिवसापासून जुने मासे पृष्ठभागावर लटकायला लागले, डोळे खोल गेलेले, कल्ले पांढरट, चिंध्या झालेले. केएचव्ही, कोई हर्पिस व्हायरस. १९९८ साली इस्राएल आणि अमेरिकेत ह्याने मोठी मर झाली तेव्हा जगाला कळलं. औषध नाही. पाणी साधारण १६ ते २८ अंश असतं तेव्हा जोर करतो, म्हणजे आपल्याकडची बहुतेक महिन्यांची हवा त्याला चालते. १४ पैकी १२ मासे गेले. त्यातला एक माझ्या मुलीच्या जन्माच्या वर्षी आणलेला होता.

नवीन मासा आणलाच तर वेगळ्या टाकीत, वेगळी जाळी, वेगळी बादली, किमान तीन-चार आठवडे.

---

प्राजक्ता७८ | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:००

नाना, फार वाईट वाटलं वाचून.

---

आभा_कोथरूड | १ डिसेंबर, रात्री ९:२०

धागा वर काढतेय, अपडेट द्यायला. तळं बांधून झालं. पहिल्यांदा भरलं तेव्हा पीएच ९.८! शिरगावकर, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही सरळ मासे सोडले असते. दोनदा उपसून भरलंय, केळीचे खुंट टाकले होते ते काढले, आता ८.७ आहे. विहिरीचं पाणी ८.१, आमच्या हौदात ७.४. भाऊ दर रविवारी ३५ लिटरचे १० कॅन आणतो, त्यातलं पाणी बाबा रात्रभर हवा लावून दुसऱ्या दिवशी घालतात.

आता मिठाबद्दल वेगवेगळं वाचलंय, घालायचं का आणि किती?

---

पाणवठा | १ डिसेंबर, रात्री १०:४५

घालायचं. खडे मीठ, आयोडीनचं नको. माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सारखं आत शिरत असतं आणि ते बाहेर टाकण्यात त्याची ताकद जाते. पाण्यात थोडं मीठ असलं की तेवढं ओझं हलकं होतं. शिवाय नायट्राइट वाढलं तर मिठातला क्लोराइड ते कल्ल्यातून आत जाऊ देत नाही. पिशवीत लिटरला ३ ग्रॅम, तळ्यात लिटरला १ ग्रॅम. तुमचं तळं १२००० लिटरच्या आसपास भरतंय, म्हणजे १२ किलो, ते एकदम नाही, दोन-तीन दिवसांत, बादलीत विरघळवून. नंतर फक्त जेवढं पाणी बदलाल तेवढ्या हिशोबाने घालायचं, कारण मीठ वाफेबरोबर उडत नाही. तळ्यात कमळं लावणार असाल तर मात्र मिठाचा विचार करा, त्यांना ते सोसत नाही.

---

शिरगावकर | २ डिसेंबर, सकाळी ७:४०

बरोबर. आता पोचल्यावरचं लिहितो, कारण इथेच बहुतेक लोक प्रेमापोटी चूक करतात.

बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच खाली जातो. अमोनियाही साठतो, पण कमी पीएचमुळे तो बिनविषारी रूपात असतो. आता पोचल्यावर तुम्ही पिशवी उघडता आणि कुणीतरी सांगितलंय म्हणून त्यात कपाने तळ्याचं पाणी घालत तासभर बसता. कार्बन डायऑक्साइड उडून गेला, वरून ८ पीएचचं पाणी पडलं, पीएच झपकन वर, आणि साठलेला सगळा अमोनिया विषारी झाला, मासा त्यातच. कल्ले भाजतात.

म्हणून पिशवी बंदच तळ्यात तरंगत ठेवायची, २०-३० मिनिटं, सावलीत. उन्हात ठेवलीत तर प्लास्टिकच्या आत पाणी तापतं. एक अंशाच्या आत तापमान आलं की उघडायची आणि लगेच ओल्या हाताने मासा तळ्यात सोडायचा. पिशवीचं पाणी तळ्यात ओतायचं नाही, झाडांना घाला. तुम्ही हौदाचं पाणी आधीच भोरसारखं करताय म्हणून हे एकदम सोडणंही त्याला जड जाणार नाही.

धरताना जाळीत उचलायचं नाही. जाळीने फक्त वळवायचा, पाण्याखाली रुंद टब धरायचा, मासा त्यात आला की टबासकट उचलायचा. दोन किलोचा मासा जाळीत लटकला की पोटावर सगळा भार येतो, खवले निघतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर जातो. तो थर म्हणजे त्याचं चिलखत.

---

आभा_कोथरूड | १५ जानेवारी, रात्री ११:५५

पोचले. सगळे नऊ. हात थरथरताहेत अजून पण झोपायच्या आधी लिहितेच.

बुधवारपासून खाणं बंद होतं. बाबा कट्ट्यावर बसायचे तर सगळे तोंड वर करून यायचे, ते पाहवेना म्हणून दोन दिवस ते तिकडे गेलेच नाहीत. आज पहाटे साडेचारला पॅकिंगवाला दादा सिलिंडर घेऊन आला. हौदाचं पाणी आधीच अर्ध्याच्या खाली आणलं होतं त्यामुळे धरायला पळापळ झाली नाही. गूळ सर्वात आधी स्वतःहून टबात आला, त्याला वाटलं खायला मिळणार. कुंकूने मात्र दमवलं. टबात आल्यावर मी तिच्या डोळ्यांवर ओला टॉवेल टाकला तर एकदम शांत झाली, कल्ले उघडझाप होत होते तेवढीच हालचाल. इतक्या वर्षांत मी तिला एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं, तोंडापाशी त्या दोन जोड मिशा, आणि एका खवल्यावर टिकलीएवढा लाल ठिपका.

पिशव्या सात झाल्या, चार मोठे एकेकटे आणि लहान पाच तीन पिशव्यांत. कोपरे बांधले, मध्ये पेपर घातला, थर्माकोलच्या पेट्या टेम्पोत आडव्या. सव्वासहाला निघालो. खेड शिवापूरच्या अलीकडे पुढे एक ट्रक बंद पडला होता, ५० मिनिटं जागेवर. तिथे बाबांनी पेट्यांवर हात फिरवला तर एक पेटी खाली ओली. माझ्या पोटात गोळा आला. उघडून बघितलं तर कापूरच्या काट्याने आतली पिशवी फाटली होती, बाहेरच्या पिशवीने पाणी धरलं होतं, थोडंसंच झिरपत होतं. दादाने जास्तीच्या दोन पिशव्या दिल्या होत्या, तिथेच रस्त्याकडेला तिसरी चढवली आणि वरून बांधली. पाणवठा, डबल पिशवीबद्दल तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

कापूरहोळला वळलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. फिल्टर काल दुपारीच भावाने नेऊन बसवला होता, तिन्ही क्रेटमधली मॅटिंग ओलीच ठेवून. पिशवीत २१ अंश, तळ्यात १८. वर हिरवी शेडनेट बांधली होती तिच्या सावलीत पिशव्या तरंगत ठेवल्या. मग एकेक पिशवी उघडून सोडला. एकजात सगळे तळाला जाऊन कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे. बाबा म्हणाले त्यांना राहू दे, आणि काठावर खुर्ची टाकून बसले. ते आज तिथेच राहिलेत.

---

पाणवठा | १६ जानेवारी, सकाळी ६:३०

वा वा वा! पहाटेपासून धागा उघडून बघत होतो. दोन-तीन दिवस खायला घालू नका. नंतर चागोईवर लक्ष ठेवा, तोच बाकी सगळ्यांना माणसाळवतो. तळ्यावर जाळी घट्ट बांधा, सगळ्या बाजूंनी. नवीन जागी पहिल्या आठवड्यात कोई उडी मारतात, खास करून रात्री.

---

न्यूजर्सीतला_नाना | १६ जानेवारी, सकाळी ७:१५

बाबांना नमस्कार सांगा. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या नीगाता भागात भूकंप झाला, कोईचं मूळ गाव तो डोंगर, रस्ते तुटले, चिखलाची तळी फुटली. तिथल्या लोकांनी मासे हेलिकॉप्टरमधून बाहेर काढले होते. बाबांना सांगा, तुम्ही एकटे नाही.

---

आभा_कोथरूड | १९ जानेवारी, सकाळी ८:४०

बुक्का गेला.

तिसऱ्या रात्री. जाळी बांधली होती पण फिल्टरच्या पाइपापाशी एक कोपरा, वीतभर सुटा राहिला होता, तिथूनच. सकाळी भावाला फरशीवर सापडला. भाऊ रडत होता, स्वतःला दोष देतोय. बाबांनी त्याला काही म्हटलं नाही, आंब्याखाली दोघांनी मिळून पुरला.

तुम्ही तीन दिवस आधी सांगितलं होतं, वाचलंही होतं मी.

---

पाणवठा | १९ जानेवारी, सकाळी ९:०५

आभाताई, वाईट वाटलं. माझ्याकडेही पहिल्या घरबदलात असाच एक गेला, तेवढ्याच फटीतून. पाइपाभोवती जाळी कापून शिवून घ्या आणि काठाला विटा ठेवा. बाकी आठ कसे आहेत?

---

शिरगावकर | १९ जानेवारी, सकाळी ९:५०

मलाही फार वाईट वाटलं. आजपासून रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा आणि इथे टाका. थंडीत जीवाणू हळू चालतात.

---

आभा_कोथरूड | २९ जानेवारी, रात्री ९:१०

रोज मोजतोय. अमोनिया ०.२५ च्या वर गेला नाही. नायट्राइट २४ तारखेला ०.५ झालं होतं, शिरगावकर, तुम्ही फोनवर सांगितल्याप्रमाणे खाणं अर्ध्यावर आणलं, पाव भाग पाणी बदललं, मीठ लिटरला २ ग्रॅमपर्यंत नेलं. आज ०.१.

पहिले सहा दिवस कुणी वर आलंच नाही. मग गूळ. तो आधी एकटाच काठाशी आला, बाबांच्या बोटातून दोन दाणे घेतले आणि परत तळाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे हळद. पाणवठा, चागोई सगळ्यांना माणसाळवतो असं तुम्ही म्हणाला होता ते अगदी डोळ्यांसमोर पाहिलं. काल आठही वर होते. कापूरच्या पाठीचे दोन खवले निघालेत पण जखम पांढरी नाही, लाल नाही, कडेने भरतेय.

बाबा महिन्यातले पंधरा दिवस भोरला राहायचं म्हणताहेत. भावाच्या बायकोनेच आग्रह केला.

---

सांगोल्याचा_गडी | ३० जानेवारी, दुपारी २:००

लई भारी. एक इचारतो, पावसाळ्यात तळं भरून वाहिलं तर पाणी कुठं जातं? भोरला पाऊस जोरात असतोय.

---

शिरगावकर | ३० जानेवारी, दुपारी ३:१५

चांगला मुद्दा, मी विसरलो होतो. ओव्हरफ्लोचा पाइप ओढ्याला जात असेल तर ओढा पुढे नीरेला. ह्या माशांनी उन्हाळ्याच्या तोंडाला अंडी घातली तर पिल्लं बोटाच्या पेराएवढी असतील आणि पाइपातून सहज जातील. ओव्हरफ्लो ओढ्याकडे नेऊच नका, शोषखड्ड्यात किंवा बागेत सोडा. पाइपाच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी, आणि ती पानांनी तुंबते म्हणून पाऊस असेपर्यंत रोज साफ करायची. उतारावरचं शेताचं पाणी आत येऊ नये म्हणून काठ जमिनीपेक्षा फूटभर उंच आहे ना?

---

आभा_कोथरूड | २ फेब्रुवारी, रात्री ८:३०

काठ दहा इंच आहे, एक वीट अजून चढवतोय. ओव्हरफ्लो ओढ्यालाच जोडला होता, तो कापून केळीच्या आळ्यात वळवला. जाळी दोन पदरी बसवली, आतली बारीक, बाहेरची जाड, खोबणीत सरकवायची म्हणजे बाहेर काढून धुता येते. बाबांनी शेजारी खिळ्याला एक जुना टूथब्रश बांधून ठेवलाय.

---

प्राजक्ता७८ | २ फेब्रुवारी, रात्री ८:४५

फोटो टाका ना गुळाचा.

---

आभा_कोथरूड | २ फेब्रुवारी, रात्री ९:०२

उद्या भाऊ उजेडात काढून पाठवेल, लगेच टाकते.